मेट्रो आणि माझी मागची सीट

माझी बायको रोज सकाळी मला सोडून मेट्रोबरोबर जाते. यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, अख्ख्या इमारतीला ते ठाऊक आहे. मी खाली स्कूटर पुसत उभा असतो आणि ती खांद्याला पर्स अडकवून, पायात नवे सपाट बूट घालून माझ्या समोरून टपाटप निघून जाते. जाता जाता म्हणते, "येते हं." हे मला म्हणते की मेट्रोला, ते कळायला मार्ग नाही.

लग्न झाल्यापासून ही बाई माझ्या स्कूटरखेरीज दुसऱ्या कशात बसली नव्हती. बसमध्ये तिला मळमळायचं. टॅक्सीवाल्याशी तिचं पटायचं नाही. सकाळी तिला दवाखान्यात, ती काम करते त्या रक्ततपासणीच्या खोलीच्या दाराशी सोडायचं आणि मग मी पुढं माझ्या कुलपांच्या कारखान्यात जायचं. तिथं मी स्टोअरकीपर आहे. दुपारी तिची पाळी सुटली की ती पायीच घरी यायची, पण सकाळ माझी होती. आणि वाटेत ती माझे खांदे दाबायची. कधी डावा, कधी उजवा. मधेच दोन्ही, जरा जोरात. कधी मानेला बारीकसा चिमटा. निघताना पाठीवर एक थाप. आमच्या वयाची माणसं तोंडानं प्रेमाबिमाचं बोलत नाहीत, पण खांद्याला कळतं. चौकात उभं राहिलेल्या गाड्यांवरचे नवरे मी बघायचो. त्यांच्या बायका मागं नुसत्या पोत्यासारख्या बसलेल्या असत. मला त्यांची कीव यायची.

मग मेट्रो आली. आली तीसुद्धा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणि थेट तिच्या दवाखान्याच्या दारात. मुद्दाम आखल्यासारखी. पहिल्या दिवशी ही "नुसती बघून येते" म्हणून गेली, ती अजून बघतेच आहे.

आता मला सांगा, माझ्या स्कूटरवर पुढं बसून मी कधी हिला 'कृपया सांभाळून चढा' म्हटलं होतं? नाही. ती मेट्रोतली बाई दर स्टेशनला म्हणते. गार वारा, पुसलेल्या काचा, वर गोड आवाजात कृपया. त्या बाईला स्वतःला कुठं जायचं नाही, कुणाला घ्यायचं नाही, खड्डा चुकवायचा नाही. नुसतं कृपया म्हणायला काय जातंय?

आणि खड्ड्यांवरून आठवलं. मेट्रो सुरू झाल्यापासून शहरातले खड्डे वाढले आहेत. हे माझं म्हणणं नाही, माझ्या कंबरेचं आहे. ज्या रस्त्यानं मी इतकी वर्षं लोण्यासारखा जात होतो, त्याच रस्त्यावर आता धाडधाड आपटतो. नुसते खड्डेच नाहीत. पोस्टाजवळचं वळण, जे इतकी वर्षं आपोआप यायचं, ते येईनासं झालं. मी सरळ पुढं जाऊन लाकडाच्या वखारीत शिरतो. वखारवाला आता मला ओळखायला लागला आहे. मी घरात सांगितलं, "ह्या मेट्रोच्या खांबांनी जमीन हललेली आहे. वळणं सरकलीत."

मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "बाबा, वळणं सरकत नसतात."

"मग काय मी सरकलोय?"

तिनं पुस्तक उघडलं. हल्ली घरात कुणी काही बोलत नाही, हे एक वाईटच.

बायको मात्र बोलायची. घरी यायची ती चेहरा असा टवटवीत, जणू कुठंतरी हवा पालटायला जाऊन आली. एकदा जेवताना सहज म्हणाली, "आज उतरायचंच राहिलं असतं. पण ते गृहस्थ आहेत ना, निळ्या शर्टाचे, त्यांनी उठवलं."

माझा घास हातातच राहिला. "उठवलं म्हणजे?"

"म्हणजे उठवलं. मला झोप लागते ना गाडीत."

"रोज?"

"रोज लागते."

"आणि तो रोज उठवतो?"

"अहो, मग काय शेवटच्या स्टेशनला जाऊ?"

मी ताटावरून उठलो. माझ्या बायकोला रोज सकाळी एक निळा शर्ट झोपेतून उठवतो! घरी तो मान मलासुद्धा नाही, घरी तो गजराला आहे. आणि माझ्या स्कूटरवर तर ही बाई कधी डोळा मिटायची नाही, आरशात मला दिसायचं ना! टक्क डोळे उघडे. मी त्याला उत्साह समजत होतो.

त्या दिवशी मी ठरवलं की हिला झोपायचंच असेल तर माझ्या मागं झोपेल. स्कूटरला मागं अशी सीट बसवायची की मेट्रोच्या बापाला जमणार नाही.

हे मी मनात ठरवलं, पण आमच्या इमारतीत मनातलं जिन्यात पोचायला वेळ लागत नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. आयुष्यभर त्यांनी रस्ते बांधून घेतले. ज्या खड्ड्यांनी माझी कंबर गेली त्यातले बरेचसे त्यांच्या देखरेखीखाली घडलेले आहेत. पण हे गृहस्थ कधी शरमलेले मी पाहिले नाहीत. ते खाली आले, स्कूटरभोवती हात मागं बांधून दोनदा फिरले आणि म्हणाले, "भाऊ, मेट्रोत काय आहे सांगू? पाठ आहे. टेकायला पाठ आहे. तुमच्या गाडीला पाठ आहे का?"

"नाही."

"मग वहिनी टेकणार कशाला?"

"मला टेकायच्या."

त्यांनी माझ्या पाठीकडं पाहिलं. एखादा निकृष्ट बांधकामाचा नमुना बघावा तसं. "त्याला आधार म्हणत नाहीत," ते म्हणाले.

हा अपमान मी गिळला, कारण मुद्दा खरा होता.

सीटकव्हरवाल्याकडं गेलो. हा माणूस गाड्यांच्या सीटा शिवतो आणि बोलताना तोंडातले खिळे काढत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वहिनींचं माप?"

"अंदाजानं कर."

"अंदाजानं सोफा होतो. झोपायचं असेल तर माप लागतं."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ही ओट्याशी उभी असताना मी मागून दोरी घेऊन गेलो. कंबरेपासून मानेपर्यंत माप घेऊन झालं. आडवं घ्यायला गेलो तेवढ्यात ती गर्रकन वळली. "काय चाललंय?"

"काही नाही. मुंगी होती."

"दोरीनं मारताय?"

मी दोरी खिशात घातली. नवऱ्यानं बायकोसाठी काही करायचं म्हटलं तर आधी चोरासारखं वागावं लागतं, हा संसाराचा नियम मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही.

सीट तयार झाली. सीटकव्हरवाल्यानं मला न विचारता एका बंद पडलेल्या सलूनमधली खुर्ची आणून कापली होती. पाठ, दोन हात, वर डोकं टेकवायला गोल उशी, सगळं मरून रंगात. खाली माझी स्कूटर होती, पण ती शोधावी लागत होती. मला सीट आवडली. खोटं कशाला बोलू, मला ती फारच आवडली. मेट्रोत अशी एकसुद्धा नाही.

अडचण एकच झाली. स्टँडवरून काढल्याबरोबर पुढचं चाक हवेत गेलं.

"पुढं वजन ठेवा," सीटकव्हरवाला खिळ्यांतून म्हणाला. जणू हे त्याला आधीपासून माहीत होतं आणि मी चौकशी केली नाही ही माझी चूक.

वजनाला माझ्याकडं तोटा नव्हता. कारखान्यात नापास झालेली कुलपं पडून असतात. एकाही किल्लीनं न उघडणारी. रीतसर परवानगी काढून त्यांचं एक पोतं मी हँडलच्या खाली, पाय ठेवायच्या जागी बांधलं. पाय दोन्ही बाजूंना बाहेर. चाक खाली आलं. गाडी चालली की कुलपं खळखळायची, त्यामुळे हॉर्नची गरज उरली नाही.

संध्याकाळी बायकोला खाली बोलावून दाखवली. इमारतीतली निम्मी माणसं आधीच गॅलऱ्यांत येऊन थांबली होती. ही बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दाढी करणार आहात का कुणाची?"

गॅलऱ्या हसल्या. मी शांतपणे म्हणालो, "तुझ्यासाठी केलीय. झोप आता पाहिजे तेवढं."

तिचा चेहरा जरासा हलला, हे मी पाहिलं. पण तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, तुमच्या मागं बसून मला झोप कशी लागेल?" आणि वर निघून गेली. ह्या वाक्याचा अर्थ मी तेव्हा असा लावला की तिला अजून सवय नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, आई काय म्हणाली ते नीट ऐका." मी तिला अभ्यासाला बसवलं.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या सीटसकट निघालो. चौकात पोलिसानं हात केला.

"हे काय आहे?"

"सीट."

"कुणाची?"

"बायकोची."

"बायको कुठाय?"

"मेट्रोत."

त्यानं गाडीला एक फेरी मारली, गोल उशी दाबून बघितली, कुलपांचं पोतं हलवून बघितलं. मग माझ्याकडं असं पाहिलं की शिक्षा करावी की पाठीवर हात फिरवावा हे त्याला ठरवता येईना. शेवटी म्हणाला, "वाहन कचेरीतून मंजुरी आणा. तोपर्यंत ही रस्त्यावर दिसली तर उचलून नेईन. तुम्हाला नाही, खुर्चीला."

वाहन कचेरीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण जास्त सांगितलं तर माझा रक्तदाब चढतो. पहिल्या खिडकीनं सांगितलं की आसन वाढवलं असेल तर दुसऱ्या खिडकीकडं जा. दुसरी म्हणाली, आसन वाढवलेलं नाही, उंचावलेलं आहे, पहिल्या खिडकीकडं जा. पहिली तोवर जेवायला गेली होती. शेवटी वाहन निरीक्षक साहेब स्वतः बाहेर आले. बारीक, सुकलेला माणूस, हसणं त्यांनी बहुधा नोकरीला लागतानाच जमा करून टाकलेलं. त्यांनी सीट पाहिली आणि म्हणाले, "मागं माणूस बसवून मैदानात चालवून दाखवा. मग बघू."

"कोण माणूस?"

"कोणीही चालेल. जिवंत असावा."

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "त्या दिवशी मला काम आहे." मी म्हणालो, "कुठल्या दिवशी ते मी अजून सांगितलं नाही." ती म्हणाली, "तरी."

म्हणून ओव्हरसियर आले. स्वतःहून आले, इस्त्रीचे कपडे घालून. शिडीवर चढावं तसे सीटवर चढले, खुर्चीच्या हातांवर हात ठेवले, उशीवर डोकं टेकवलं आणि सलूनच्या सवयीनं हनुवटी वर केली. "उत्तम!" ते आकाशाकडं बघत म्हणाले. "भाऊ, पाठ याला म्हणतात."

वाहन कचेरीचं मैदान बायकोच्या दवाखान्याच्या समोरच आहे, मधे मेट्रोचं स्टेशन. ह्या योगायोगाची मी मनात नोंद घेतली होती. तिची पाळी सुटायची वेळ होती. म्हटलं, बाहेर येताना बघेल, दुसऱ्याला कसं ऐटीत बसवून नेतोय ते. थोडा मत्सर तिच्याही वाट्याला येऊ दे.

साहेब कागद घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहिले. मी गाडी सुरू केली. सरळ जायचं, शेवटी उजवीकडं वळायचं, परत यायचं. शाळकरी पोरालाही जमेल. पण ओव्हरसियरांनी आयुष्यात रस्ते फक्त उभ्यानं तपासलेले. गाडी हलल्याबरोबर त्यांचं डोकं उशीवरून उठलं आणि त्यांनी घाबरून माझा डावा खांदा घट्ट धरला.

मी डावीकडं वळलो.

का वळलो ते मला विचारू नका. मी वळलो नाही, माझे हात वळले. डावीकडं फाटक होतं, ते उघडं होतं, आम्ही रस्त्यावर आलो. "भाऊ! मैदान तिकडं!" ते ओरडले आणि समोरून दुधाची गाडी येताना बघून त्यांनी माझा उजवा खांदा पकडला. मी उजवीकडं वळलो. अगदी सुंदर वळलो. दुधाची गाडी केसाच्या अंतरानं निघून गेली. "थांबा, थांबा!" ते बोंबलत होते. ते मला ऐकू येत होतं, पण ऐकू येणं वेगळं आणि हाताला कळणं वेगळं. मग त्यांनी रागानं माझ्या पाठीत एक थाप घातली.

गाडीनं वेग घेतला.

कुलपं खळाखळा वाजत होती. माणसं बाजूला होत होती. मागून साहेब कागद फडफडवत पळत येत होते. समोर मेट्रोचं स्टेशन, त्याला चाकांच्या खुर्च्यांसाठी केलेला उतार. आम्ही त्या उतारावरून वर निघालो. वजनामुळं गाडी बैलगाडीच्या वेगावर आली, पण थांबेना. वर काचेची दारं उघडली आणि आतून ती बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया सांभाळून चढा."

एवढ्यात माझ्या दोन्ही खांद्यांवर दोन हात पडले. ओव्हरसियरांचे नव्हते, त्यांनी तोवर डोळे झाकून घेतले होते. हे ओळखीचे हात होते, जरासा स्पिरिटचा वास येणारे. त्यांनी दोन्ही खांदे एकदम दाबले, जरा जोरात.

गाडी जागच्या जागी थांबली. माझी बोटं ब्रेकवर कधी गेली ते माझं मलाच कळलं नाही.

पोतं फुटलं आणि नापास कुलपं टणाटण उतारावरून खाली निघाली. बायको शेजारी उभी होती. पर्स खांद्याला, धाप लागलेली.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"उतरा आता." आणि मानेला एक बारीकसा चिमटा. मी उतरलो.

ओव्हरसियरांनी एक डोळा उघडला. माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, माझ्या खांद्यांकडं पाहिलं. रस्त्याचा माणूस, उशिरा का होईना त्याला उतार कळतो. "वहिनी," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "गाडी तुम्ही चालवता हे मला आधी सांगायचंत ना!"

जमलेल्या लोकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मी म्हणालो, "काहीतरी बोलू नका." आणि बायकोकडं पाहिलं. तिनं नाही म्हणावं म्हणून पाहिलं. तिनं नाही म्हटलं नाही.

"अहो, तुमचं लक्ष कुठं असतं रस्त्यावर?" ती हळू आवाजात म्हणाली. "सारखे शेजारच्या गाड्यांकडं बघता. कोण कुठली गाडी घेऊन निघालाय, कोण तुमच्या पुढं गेला. खड्डे मी बघायची, वळणं मी बघायची. सकाळी कामावर पोचायची तोवर निम्मा जीव गेलेला असायचा. मेट्रोत मला काही चालवावं लागत नाही हो. म्हणून झोप लागते."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला माया समजत होतो तो लगाम होता! आता सांगा, माणसानं कुणावर भरवसा ठेवायचा? भर उतारावर, परक्या माणसांत, माझ्याच खांद्यांनी माझ्याशी फितुरी केली होती.

साहेब पोचले. त्यांनी दम खाल्ला, सीट हलवून पाहिली आणि तिथंच उभ्या उभ्या शेरा लिहिला. सीटमध्ये दोष निघाला नाही. नामंजूर करण्याचं कारण त्यांनी असं दिलं: 'चाचणीच्या वेळी चालक वाहनावर हजर नव्हता.'

खुर्ची ओव्हरसियर घेऊन गेले. त्यांच्या गॅलरीत ती आहे, तिथून डोकं टेकवून ते आता सगळ्या गल्लीला सल्ले देतात. स्कूटर खोळ घालून उभी आहे. वखारवाला परवा भेटला, म्हणाला, "हल्ली येत नाही?"

आणि मी मेट्रोनं जायला लागलो. हरलो म्हणून नाही. एका माणसावर नजर ठेवायची होती म्हणून.

पहिल्याच दिवशी निळा शर्ट दिसला. मनात मी फार काय काय चित्रं रंगवली होती. निघाला एक टक्कल पडलेला, डबा मांडीवर धरून खिडकीशी बसलेला साधा माणूस. तो शेवटच्या स्टेशनला उतरतो, म्हणून अधेमधे उतरणारी सगळी झोपाळू मंडळी त्याला आपापलं स्टेशन सांगून डोळे मिटतात. एक जाडा शिंपी, एक नर्स, एक मास्तर आणि माझी बायको. ज्याचं स्टेशन येईल त्याच्या कानाशी हा डब्याच्या झाकणावर टकटक करतो. बोटसुद्धा लावत नाही कुणाला. मला आणखीच राग आला. चांगल्या माणसाचा मत्सर करणं फार दमवणारं असतं, धरायला काही सापडत नाही.

मी मुद्दाम त्याच्या शेजारीच बसलो. तो माझ्या डाव्या हाताला, खिडकीशी. आमच्या मेट्रोत सीटा बसगाडीसारख्या एकामागं एक आहेत, त्यामुळे बायको सवयीनं माझ्या मागच्या सीटवर.

"आजपासून हिला मी उठवणार," मी त्याला बजावलं.

"बरं होईल," तो म्हणाला. "तेवढंच माझं एक काम कमी."

मी ताठ बसलो. डोळे टक्क उघडे. नर्स उतरली. शिंपी उतरला. मागं माझ्या बायकोचा श्वास लांब झाला. तिचं डोकं पुढं, माझ्या सीटच्या पाठीवर आलं. हात वर आले आणि झोपेतच, जुन्या जागी, माझ्या खांद्यांवर येऊन पडले. मी निळ्या शर्टाकडं तोऱ्यानं पाहिलं. म्हटलं बघ. तुझ्या खांद्यावर आहे का कुणाचा हात?

पुढं मेट्रोचा रूळ जरासा वळला आणि गाडी कलली. झोपेतच तिनं माझा डावा खांदा दाबला.

मी डावीकडं वळलो. सगळाच्या सगळा.

निळ्या शर्टानं डबा अलगद उचलून बाजूला घेतला, मांडीवर आलेल्या माझ्या डोक्याखाली जागा करून दिली आणि फार सभ्यपणे विचारलं, "तुम्हाला कुठं उठवायचं?"

मी सांगितलं.